मंगलच्या लाल गोळ्या

साल दोन हजार एकोणीस. मी चौसष्ट वर्षांचा. त्या साली मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही. तुम्ही परके म्हणून तुम्हाला सांगतोय. का घरच्यांना सांगायची छाती नाही म्हणून? असंल तसंही.

मी तिसरी शिकलेला. देवळाली प्रवरेच्या शिवारात आमची वस्ती, ऊस, चार म्हशी. घरात माझा शब्द खाली पडत नसे, आणि त्याचा मला लई ताठा.

सून मंगल दुसऱ्यांदा गरोदर होती. आरोग्य खात्याची आशाताई तिच्यासाठी लोहाच्या लाल गोळ्या द्यायची, रोजची एक. मंगलला चालताना दम लागायचा, म्हणून उपकेंद्रातून गोळ्या मी आणायचो. दर महिन्याला वहीत सही माझी.

आता इथं जीभ अडते —

पहिली नात सावळी. डेअरीवर दूध घालताना एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, "नाना, सुनंला सरकारी गोळ्या चारल्या व्हय? नात पार तव्यावानी निघाली की!" सगळे हसले. मीही हसलो. पण ते आत रुतलं. लोहाच्या गोळीनं पोर काळं होतं, असं आमच्याकडं बोलतात. साफ खोटं आहे. मला तेव्हा खरं वाटलं? का खरं मानायचंच होतं? पाच महिने मी गोळ्या आणल्या आणि वाटेतच पाटाच्या पाण्यात सोडल्या. मंगलला एकटीला सांगायचो, गोळ्या आल्याच न्हाईत.

मंगलची नखं पांढरी पडली, ओठ पांढरे पडले. भिंतीची माती खरवडून खायची. मी म्हणायचो, "माझ्या आईनं नवव्या महिन्यात ऊस तोडला. हिला हंडा उचलवंना!"

आठव्या महिन्यात ती गोठ्यात कोसळली. श्रीरामपूरला दवाखान्यात नेली. रक्त साडेपाच. गरोदर बाईला निदान अकरा पाहिजे, डॉक्टरबाई म्हणाल्या. लोहच नसलं तर शरीर रक्त बनवणार कशातून? आधीच्या बाळंतपणात गेलेलं रक्त भरून आलं नव्हतं, सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवायचं, आणि पोटातलं पोर आपला वाटा आईतूनच ओढून घेणार. अशात बाळंतपणात थोडं जरी रक्त गेलं तरी बाई हाती लागत नाही.

रक्त चढवायचं ठरलं. गट जुळला तरी तिचं आणि पिशवीतलं रक्त एकत्र करून तपासलं, मगच लावलं. थेंब थेंब. पहिली पंधरा मिनिटं नर्स जागची हलली नाही. थंडी वाजते का, पुरळ उठतं का, बघत होती. कुणाचं रक्त होतं, देव जाणे. एका पिशवीनं जेमतेम एक आकडा चढतो, बाकीचं गोळ्यांनीच भरायचं.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळ्या का घेतल्या नाहीत? मंगल म्हणाली, मिळाल्याच नाहीत. माझ्या पोरानं आशाताईला फोन लावला. तिनं वहीचा फोटो मोबाईलवर धाडला. पाच महिने, पाच सह्या. पोरगा माझ्याकडं बघायला लागला.

मी म्हणालो, "मी तर दर बारीला हिच्याच हातात दिल्या."

हेच ते. गोळ्या पाण्यात सोडल्या, त्याला अडाणीपणा म्हणता येईल. ह्याला काय म्हणू?

मंगलनं माझ्याकडं पाहिलं. मग हळू म्हणाली, "व्हय. नानांनी दिल्या हुत्या. मीच टाकल्या."

का म्हणाली असंल? माझी लाज राखायला? का सासऱ्याला खोटं पाडून त्याच घरात नांदायचं कसं, म्हणून? ती वाचली, पोरही धड जन्मलं. पण हे मी तिला कधी विचारलं नाही.

रक्त चढवलं त्या दिवशी घरी येताना मनाशी पक्कं केलं — उद्या सांगून टाकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो. पोरगा गोळी घेऊन तिच्या उशाशी उभा. "माझ्यादेखत गीळ. तुझा भरवसा न्हाई. आता तोंड उघड. जीभ वर कर." शेजारच्या खाटेवरच्या बाया बघत होत्या. मंगलनं तोंड उघडून, जीभ वर करून दाखवली.

गोळीवर पाण्याचा पेला तिच्या हातात मीच दिला होता.