टेपवरचा एक मीटर

सकाळचे सव्वासात. गॅसवर दूध, ओट्यावर अर्धी चिरलेली भाजी, आणि आतल्या खोलीतून नवऱ्याचा रोजचा प्रश्न, "माझा दुसरा मोजा कुठंय?" तेवढ्यात दार वाजलं. आमच्याकडे बेल आहे, चालूही आहे. तरी बोटाच्या पेराने दोनदा हलकेच वाजवणारा माणूस एकच.

"वरचे आलेत," सासूबाई खिडकीतून न वळताच म्हणाल्या.

वरचे म्हणजे गच्चीलगतच्या खोलीतले आमचे भाडेकरू. सासूबाई "जरा वरच्यांना विचारून बघ" म्हणाल्या की नव्या पाहुण्यांना ते देवाबद्दल वाटायचं. दार उघडलं तर ते उभे, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली.

"वहिनी, एक विचारायचं होतं. गेल्या वर्षी तुम्ही माझी टेप शिवून दिली होती. वजन कुठल्या आकड्यावर शिवलं होतं?"

"एकवर," मी म्हणाले. "बरोब्बर एक मीटरच्या खुणेवर."

"शून्यावर नाही ना?"

"शून्य होतं कुठे, भाऊजी? ते तर विहिरीत राहिलं होतं."

त्यांनी मान हलवली. "मलाही तसंच आठवत होतं. पण म्हटलं, आपलं चुकत असेल." आपलं चुकलेलं असावं अशी इतकी आस लागलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मागे दूध उतू गेलं.

त्यांचं काम काय, हे आमच्या गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सरकारी असावेत, असं वाण्याचं मत. ते एका संस्थेत होते. कमी पावसाच्या भागातली गावं, तिथली उघडी पडलेली टेकडी, आटत चाललेल्या विहिरी; हे सगळं गावाने स्वतः मिळून सांभाळावं यासाठी ते तिथे जाऊन बसायचे. "बसायचे" हा त्यांचाच शब्द. आमचे हे एकदा थट्टेत म्हणाले, "म्हणजे पगार बसायचा मिळतो?" तर शांतपणे म्हणाले, "हो. आणि गप्प बसायचा. बोललो की काम बिघडतं."

वय बावन्न. लग्न नाही. "स्थळ पक्कं होत आलं की प्रकल्प संपायचा आणि गाव बदलायचं," असं हसून सांगायचे. एक बहीण होती, ती महिन्याकाठी फोन करायची आणि तब्येतीचं विचारून फोन ठेवून द्यायची. खोलीत एक ताट, एक पेला, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर फायलींचा ढीग. लोक कॅलेंडर लावतात तिथे ते सध्या जात असलेल्या गावाचा नकाशा. त्यात बत्तीस घरं, पाच विहिरी, एक टेकडी, सगळं हाताने काढलेलं. प्रत्येक घराशी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. एकदा मी वाचलं. 'शेळ्या अकरा. थोरल्या भावाशी बोलत नाही.'

त्या गावात ते चार वर्षं बसने जात होते. दोन तास जायला, दोन यायला. पहिल्या वर्षी सभेला पाच माणसं, त्यातली दोन झोपलेली. शेळ्यावाल्यांना टेकडी मोकळी हवी, शेतावाल्यांना ती बंद हवी. ते कुणाचीच बाजू घ्यायचे नाहीत, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खायचे. तिसऱ्या वर्षी गावानेच टेकडीचे तीन भाग केले आणि एक भाग आळीपाळीने चराईला बंद ठेवला. विहिरींचाही नियम ठरला. पावसाळा सरला की ठरल्या तारखेला पाचही विहिरींत टेप सोडायची, काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजायचं, सरासरी शाळेच्या भिंतीवर लिहायची. सात मीटरपेक्षा खाली असेल तर त्या वर्षी दुसरं पीक कुणीच घ्यायचं नाही. मोजणीला, या कामासाठी गावाने नेमलेल्या गटाच्या अध्यक्षबाई सोबत असायच्या. या शेळ्यावाल्या घरातल्या, आवाज खणखणीत. टेपच्या टोकाचं वजन पाण्याला टेकलं की काठाशी येईल तो आकडा त्या ओरडून सांगायच्या, भाऊजी वहीत लिहायचे.

गेल्या वर्षी टेपचं टोक पंपाच्या पाइपात अडकून तुटलं. नवी टेप मागितली तर कचेरीतून तीन फॉर्म आले, टेप आली नाही. मग ते तुटकी टेप घेऊन माझ्या शिलाईयंत्राशी आले. लोखंडी वजन एकच्या खुणेवर शिवूया, म्हणजे नुसता एक वजा करायचा, हिशेब सोपा, असं मीच सुचवलं होतं. तेव्हापासून, दर महिन्याच्या साध्या नोंदीलाही, अध्यक्षबाई जो आकडा ओरडायच्या त्यातून भाऊजी मनातच एक कमी करून लिहायचे. इतकं अंगवळणी पडलं की एक वजा करतोय हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

यंदा पावसाळ्यातच काम गावाच्या हवाली केलं. भांडारगृहाची किल्ली, भिंतीवर लिहायचा ब्रश, रजिस्टर, टेप. निरोपाचं काही झालं नाही. त्या दिवशी गटाची सभा होती आणि चराईच्या पाळ्यांवरून जोरात वाद चालला होता. ते मागे उभे राहिले, थोडा वेळ ऐकलं आणि बस पकडली. "मी निघालो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही," जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले. "म्हणजे काम झालं, वहिनी. फोन येईनासा झाला की समजायचं, आपलं काम नीट झालं."

फोन येईनासा झाला. वरच्या खोलीत ते अहवाल लिहायचे आणि फोन उपडा न ठेवता उताणा ठेवायचे. संध्याकाळी गच्चीच्या कठड्याशी उभे दिसायचे, चहाचा पेला हातात, चहा कधीच गार झालेला. "या ना खाली," मी म्हणायचे. "येतो," म्हणायचे, यायचे नाहीत.

काल मात्र फोन आला. अध्यक्षबाईंचा. आनंदाने ते धावत खाली सांगायला आले होते. "तुमच्याविना मोजलं, म्हणाल्या. साडेसात आलं. सगळ्या गावाने रान रिकामं ठेवलं, एका घरानेही पेरलं नाही. पेरायचे दिवस गेले तरी कुणी कुरकुरलं नाही, म्हणाल्या." डोळे चमकत होते. आज पहाटे चहा ठेवताना त्यांना तो एक मीटर आठवला.

मी त्यांना आत बसवून चहा पुढे ठेवला. नवरा एकच मोजा घालून बाहेर आला आणि तसाच थांबला.

"हँडओव्हरच्या यादीत बघितलंत?" नवऱ्याने विचारलं.

"बघितलं. 'टेप, एक नग.' एवढंच लिहिलंय. माझ्याच अक्षरात."

"म्हणजे पाणी साडेसहावर होतं," मी म्हणाले. "पेरता आलं असतं."

"बत्तीस घरांना पेरता आलं असतं." त्यांनी चहाला हात लावला नाही. "नियम मोडला असता ना, तर काय करायचं ते मला ठाऊक होतं. चार वर्षं त्याचीच तयारी केली. त्यांनी पाळला. आता काय करायचं ते कुणी शिकवलं नाही."

सासूबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्या इकडे वळल्या. "कशाला सांगताय? एक चांगली नवी टेप घ्या, भेट म्हणून पाठवा. झालं. पुढच्या वर्षापासून बरोबर मोजतील. झाकली मूठ."

त्यांना मोह पडला होता, चेहऱ्यावर दिसत होतं. मग हळूच म्हणाले, "काकू, मग पुढच्या वर्षी पाणी अचानक एक मीटर वर आलेलं दिसेल. ते म्हणतील, रान रिकामं ठेवलं म्हणून आलं. आणि पाऊस बरा झाला तरी उगाच रिकामं ठेवत बसतील. माझ्यामुळे."

"आणि सांगितलंत तर?"

"तर भिंतीवरच्या आकड्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवेल की नाही, कुणास ठाऊक. माझ्यावर तर नाहीच. पहिल्यांदा नियमाची बाजू घेतली म्हणून त्या बाईंना त्यांच्याच शेळ्यावाल्यांनी घरात घेतलं नव्हतं. आता गाव त्यांना काय म्हणेल?" नकाशातल्या त्या बत्तीस घरांपलीकडे त्यांना दुसरं काही नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"फोन करा की," नवरा म्हणाला.

"फोनवर बाई एकट्याच ऐकतील, आणि मग गावाला त्यांनाच सांगावं लागेल. आज दुपारी सभा आहे. नऊची बस आहे."

"मी येते," मी म्हणाले. "एकची खूण माझीच आयडिया होती."

"तुम्ही शिवलंत ते बरोबर होतं, वहिनी. सांगायचं राहिलं ते माझं." मग जरा हसले. "आणि तुम्ही सोबत आलात तर गाव म्हणेल, साक्षीदार घेऊन आलाय."

"निघण्याआधी बटणं तरी नीट लावा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी खाली पाहिलं आणि निमूटपणे बटणं सोडून पुन्हा लावली. मी गार झालेला चहा परत तापवून दिला. या वेळी त्यांनी तो उभ्याउभ्या पूर्ण प्यायला.

नऊला दहा मिनिटं असताना ते खाली आले. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टरची जुनी प्रत. उंबऱ्याशी थांबले. काहीतरी मागायचं होतं आणि मागायची सवय नव्हती. मला वाटलं डबा हवा असेल, छत्री हवी असेल.

"वहिनी, शेवटची बस सातला पोचते. मी तसा सरळ वर निघून जाईन," ते म्हणाले. "तेवढं जिन्यात थांबवून मला विचाराल, 'काय झालं?' म्हणून?"