साक्षीचं रीळ

“अण्णा, आमच्या बाईची साक्ष कुठं ठेवलीसा?”

केबिनच्या दारात विड्या वळणाऱ्या तारक्का उभ्या होत्या. मागं चौघी मैत्रिणी. मी निपाणीच्या एका थिएटरात ऑपरेटर, म्हणजे सिनेमाची मशीन चालवणारा. रिळांची जुनी मशीन आता काढणार होते. त्याआधी तीन दिवस दुपारी एक जुना हिंदी सूडपट लावला होता. तारक्कांनी तो लग्नाआधी इथंच पाहिलेला.

चूक माझी होती. सिनेमाची चौदा रिळं, प्रत्येकी अकरा मिनिटं. पाच मिनिटं जाहिराती, पंधरा मिनिटं इंटरव्हल. तीनला सुरू केलं की पाच चोपन्नला संपणार. सहाच्या शोसाठी पावणेसहाला हॉल रिकामा हवा. मॅनेजर म्हणाले, “नववं रीळ गाळा. नुसतं कोर्ट आहे.” पहिल्या दिवशी मी गाळलं.

त्या रिळात नायकाची विधवा बहीण सावकाराविरुद्ध साक्ष देते. कोर्ट ती खोटी ठरवतं. मग नायक सूड घेतो.

तारक्का म्हणाल्या, “मारामारी कुणीबी करतंय. ती भर कोर्टात उभं राहून बोलती, ते बघाय आलतो. तिला बोलूच दिलं न्हाईसा. आन् साक्षच न्हाई, तर त्यो हिरो नुसता खुनीच झाला की वो!”

“उद्या या,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मॅनेजरांकडं गेलो. “जाहिराती बंद, इंटरव्हल बारा मिनिटं. आठ मिनिटं वाचतात. शो पाच शेहेचाळीसला संपेल.”

“म्हणजे एक मिनिट उशीर. आणि जाहिरातवाल्यांना काय सांगू?”

“लोक तिकीट सिनेमाचं काढतात, सांगा.”

“नवी मशीन येणार आहे. त्यावर काम पाहिजे ना?”

“पाहिजे. पण रीळ गाळणार नाही.”

नववं रीळ लावलं. मॅनेजर घड्याळ बघत केबिनमध्ये येऊन उभे राहिले. पडद्यावरची बाई बोलायच्या आधी खाली बायका तिचं वाक्य म्हणत होत्या. वकिलानं तिला दटावलं, तशा तारक्का ओरडल्या, “तू बोल गं! आम्ही हाय!” मॅनेजरांचं घड्याळ बघायचं राहिलं. साक्ष संपल्यावरच ते खाली गेले.

शो पाच शेहेचाळीसला संपला. त्यांनी रजिस्टरात लिहिलं, ‘ऑपरेटरच्या हट्टामुळे एक मिनिट उशीर’. मी वाचून सही केली. आकडा बरोबर होता. तिसऱ्या दिवशीही चौदाच्या चौदा रिळं चालवली.

नव्या मशीनवर दुसरा माणूस घेतला. मी आता बेळगावात इन्व्हर्टर दुरुस्त करतो.

रीळ गाळायचंच असेल, तर मारामारीचं गाळावं. कुणाच्या लक्षात येत नाही.