चेहऱ्यावरील लाल चट्ट्यांच्या कारणाबाबत

गेल्या उन्हाळ्यात माझ्या चेहऱ्यावर लाल चट्टे उठले आणि त्यांचे कारण मी पहिल्याच दिवशी निश्चित केले: शेजारचे टेबल.

कचेरीच्या कुंपणालगत बसून मी तेवीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंतच, परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणाने परत आला, असे एकदाही घडलेले नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या हाताला, वारज्याहून स्कूटीवर येणाऱ्या एका बाईंनी टेबल मांडले. वय तिशीचे, सोबत लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर. मी 'विषय' लिहून 'महोदय'पर्यंत पोहोचतो, तोवर त्यांचा कागद बाहेर पडलेला असतो. भाषा अगदी सपक. तरीही माणसे तिकडेच वळतात, हे मी रोज पाहत होतो. आणि ते पाहण्यात माझा निम्मा दिवस जातो, हेही मला ठाऊक होते.

त्या मला काका म्हणत. पुढे त्यांची गिऱ्हाइकेही म्हणू लागली. तेव्हा मी मंडईमागच्या एका दुकानातून केसांना लावायचा कलप आणला. बेसिनवर उडालेले डाग पुसायला पत्नीने फक्त फडके पुढे केले.

तिसऱ्यांदा कलप लावला त्याच आठवड्यात पापण्या सुजल्या, मग कपाळ आणि गाल लाल झाले. अर्ज सांगायला वाकलेला माणूस माझे तोंड पाहून सरळ होऊ लागला. एकाने तर हे लागण होण्यासारखे आहे का, असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता तो डावीकडे गेला. त्यावर बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा आत सावलीत बसा. तुमची माणसं मी बघते."

तेवीस वर्षांची जागा सावलीच्या निमित्ताने जाणार, हे मी ओळखले. त्याच संध्याकाळी मी तक्रार अर्ज लिहिला: सदर प्रिंटरच्या गरम शाईच्या वाफेमुळे अर्जदाराच्या चेहऱ्यास इजा होत असून ते टेबल हलविण्यात यावे. जोडपत्र म्हणून डॉक्टरांचा दाखला हवा होता, म्हणून स्वारगेटजवळच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. आहार, ऊन, साबण, शेजारी अशी माहिती मुद्देसूद लिहूनच नेली होती.

त्यांनी ती वाचली आणि केसांना रंग वगैरे लावता का, असे विचारले. मी नाही म्हणालो. त्या उठल्या आणि माझा कान हलकेच पुढे वाकवला.

"मग हे मागे काळं काय राहिलंय?"

सही अथवा अंगठा घेण्यापूर्वी मी प्रत्येक अर्ज मोठ्याने वाचून दाखवतो आणि बजावतो: एक गोष्ट लपवलीत, तर उरलेल्या नऊ खऱ्या गोष्टीही वाया जातील. हे वाक्य मला त्या खुर्चीत आठवले.

कलप कायमचा बंद करा, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आणि मलम लिहून दिले. त्यानंतरही चेहरा लाल होत राहिला तर पुन्हा यायचे. काहींना उन्हाने, गरम चहाने, संतापानेही तसे होते, असे त्या म्हणाल्या. दाखला कशासाठी हवा, हे त्यांनी विचारले तेव्हा मी नको म्हणालो.

घरी येऊन रिवाजाप्रमाणे तक्रार अर्ज मोठ्याने वाचला. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' या ओळीशी आलो आणि पेन उचलले. प्रिंटरचे कलम खोडले. उरले ते इतकेच, की सदर बाईंकडे माणसे जास्त जातात. आणि यावर दाद देणारी कचेरी माझ्या माहितीत नाही.

पंधरवड्यात चट्टे गेले. केस मुळांपासून पांढरे निघू लागले. सावलीत मी गेलो नाही. फक्त सकाळी अकराच्या सुमारास, शेजारी रांग लागते तेव्हा, डावा गाल अजून तापतो. पत्नीला मी उन्हाचे कारण सांगतो. ऊन त्या वेळी उजवीकडून येते.