शेवटच्या पंधरा मिनिटांचा रिपोर्ट

"लोक उठून जाऊन राहिले साहेब," गावंडे फोनवर म्हणाला. "सहाच्या शोमंदी. पिक्चर संपाच्या आधीच. एक-दोन नाही, लाइनच्या लाइन."

शनिवारी मी जेवायला बसलो होतो. हातातला घास खाली ठेवला. गावंडे म्हणजे अकोल्यातल्या एका थिएटरचा मॅनेजर, आणि मी अमरावतीला एका डिस्ट्रिब्यूटरकडे बुकिंग पाहणारा. पिक्चर कोणत्या गावात, कोणत्या थिएटरात, किती वाजता लागेल ते ठरवायचं, आणि चालला नाही की उतरवायचा, हे माझं काम. लोकांना वाटतं हे सगळं मुंबईला ठरतं. मुंबईला पिक्चर बनतो. आमच्या भागात तो कुठे लागणार, हे वर्षानुवर्षं अमरावतीच्या दोन-चार गल्ल्यांमधल्या ऑफिसांत ठरत आलं आहे. धंद्यात आमच्या भागाला अजूनही सी. पी. बेरार सर्किट म्हणतात. इंग्रज गेले, प्रांत गेला, राज्यं बदलली. सर्किटचं नाव बदलायला कोणाला सवड झाली नाही.

तर पिक्चर. नाव सांगत नाही, धंद्यात बरं दिसत नाही. मराठी, रोमँटिक कॉमेडी. नाशिककडचा द्राक्षमळा आणि वाईनचा कारखाना. मामाच्या वाट्याचा अर्धा मळा नायिकेला मिळतो, उरलेला अर्धा नायकाचा. दोघं पिक्चरभर भांडतात आणि भांडता भांडता प्रेमात पडतात. शेवटी सगळं गाव मांडव घालायला तयार. तेव्हा नायिका म्हणते, लग्नाचं पुढच्या छाटणीला बघू, आधी यंदाची वाईन होऊ दे. तो हसतो. दोघं वेलींच्या रांगांमधून चालत जातात. संपला.

हा शेवट रेवतीचा जीव की प्राण होता. रेवती म्हणजे पुण्याची दिग्दर्शिका, तिचा हा पहिलाच पिक्चर. फायनान्सरने तिच्याकडून लग्नाचाही एक शेवट शूट करून घेतला होता, असू द्या म्हणून. रिलीजच्या आधी ती अमरावतीला आली तेव्हा मला म्हणाली होती, "काका, तो शेवट मी जोडणार नाही. तो जोडला तर हा माझा पिक्चरच नाही." मी मान डोलावली. पहिल्या पिक्चरच्या वेळी सगळेच असं बोलतात. तरी ही पोरगी मला आवडली. बोलताना ती मोबाइल उलटा ठेवायची.

शुक्रवारी पहिला शो सुटला की आम्ही रिपोर्ट घेतो. रिपोर्ट म्हणजे लिहिलेलं काही नाही. थिएटरच्या पार्किंग स्टँडवर गाड्या काढणारे, कँटीनला चहा पिणारे, यांच्यात उभं राहायचं आणि ऐकायचं. रिपोर्ट तीनच प्रकारचा असतो. चांगला, खराब आणि मिक्स. मिक्स म्हणजे अर्धे खूश, अर्धे नाराज. बाहेरच्या माणसाला हा बरा वाटेल. धंद्यात मिक्स म्हणजे सभ्य भाषेत खराब.

आमचा रिपोर्ट मिक्स होता. अमरावतीला पहिल्या शोनंतर एक जण किक मारता मारता म्हणाला, "वाईनचा पिक्चर म्हून आलो बापा. तं हे पेतेत न थुकून देतेत! मंग बनवतेत कायले?" वाईनची चव घेणारे लोक घोट घेतात, तोंडात फिरवतात आणि थुंकतात. ही त्या कामाची पद्धतच आहे. पण हे मी त्याला सांगून काय होणार होतं? वरूडचे दोन संत्रावाले खास आले होते. त्यांची तक्रार निराळी. "द्राक्षाले भाव काय भेटला थे सांगतलंच नाही. अन् संत्र्याची वाईन होते का?" मी म्हणालो, मला माहीत नाही. "मंग तुमी कायचे पिक्चरवाले," म्हणून ते निघून गेले. शेवटावर तर सगळ्या पुरुषांचं एकमत होतं. लग्नच नाही दाखवलं, मग तिकीट कशाचं घेतलं? मोबाइलवर पाहिलं तर तिथेही मिक्सच. कोणी पाच तारे दिले, कोणी एक. मधे चिटपाखरू नाही.

आणि आता हा गावंडेचा फोन. मिक्स रिपोर्ट एक वेळ चालतो. वॉकआउट चालत नाही. लोक पैसे देऊन बसलेत, एसी चालू आहे, तरी उठून जातात म्हटल्यावर पिक्चरमध्ये काही राहिलं नाही असा त्याचा अर्थ. धंद्यात हे सगळ्यांना पाठ आहे.

रविवारी सकाळी मालकांचा फोन आला. त्यांना आम्ही भाईजी म्हणतो. त्यांनी माझ्याआधीच गावंडेशी बोलून घेतलं होतं.

"इंगळेजी, पब्लिक उठ के जा रही है."

"हो भाईजी."

"त्या पोरीले सांगा, शादीवाला एंड लावा. लावते तं दुसरा हप्ता पिक्चर ठेवू. नाही तं गुरुवारी उतार दो."

"एकदा अकोल्याला जाऊन पाहतो."

"तुमचे घुटने?"

"गुडघे घेऊनच जातो."

मला जायचा खरोखर कंटाळा आला होता. रविवार, बस, त्यात गुडघे. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात आणि मी दर पावसाळ्यानंतर बघू म्हणतो. पण त्या पोरीचा शेवट कापायचा तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहून कापावा, एवढंच मनात होतं.

सहाच्या शोला मी मागे उभा राहिलो. थिएटर अर्ध्याच्या वर भरलेलं. बायका खूप होत्या, लग्नसराईच्या खरेदीला आलेल्या. पायाशी साड्यांच्या पिशव्या. नायक मळ्यातल्या मजुरांसाठी स्वयंपाक करतो आणि भात करपवतो, त्या सीनला अशा हसल्या की पुढचे दोन संवाद ऐकू आले नाहीत. मी गावंडेकडे पाहिलं. गावंडेने खांदे उडवले. "हसतेत साहेब. पण थांबत नाहीत."

आठ वाजून गेले आणि खरंच, पिशव्यांचा आवाज सुरू झाला. एक लाइन उठली. मग दुसरी. वाकून, पडद्याकडे पाहत, उलट्या पावली चालत बाहेर. एवढ्या वर्षांत मी वॉकआउट पुष्कळ पाहिले आहेत. कंटाळलेला माणूस पडद्याकडे पाठ करून जातो. या बायका दारात अडखळत होत्या, कारण नजर पडद्यावर होती.

एरवी मी शो सुटल्यावर स्टँडवर जातो. त्या दिवशी पायऱ्या उतरून तिकडे जायची ताकद नव्हती. गावंडेला स्टँडवर पाठवलं आणि शो सुटायच्या आधीच मी गेटशी उभा राहिलो. तिथे दोघी ऑटोची वाट पाहत होत्या. पुढे कळलं ते असं: थोरली वंदनाताई, अकोटला ब्लाउज शिवते, अस्तर आणि लेस न्यायला दर आठवड्याला अकोल्याला येते. धाकटी तिची जाऊ, सुनीता.

"ताई, पिक्चर नाही आवडला का?" मी विचारलं.

वंदनाताईंनी मला वरून खाली पाहिलं. "कोन म्हंते?"

"मधूनच उठून आलात."

"मंग काय करू? अकोटची शेवटची गाडी साडेआठची हाय. पिक्चर पाहू का घरी जाऊ?" मग एकदम जवळ येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमी इथलेच काय? मंग सांगा बरं, शेवटी लगन होते का त्याइचं?"

"होते," सुनीता म्हणाली. "न होऊन कुठी जाते?"

"काहून वं? ते पोरगी नाही करत. मी सांगतो तुले."

मी उभाच राहिलो. धंद्यात आम्ही वॉकआउट मोजतो. उठलेला माणूस जातो कुठे, हे कोणी पाहत नाही. इथे तो एसटी स्टँडवर जात होता. एक दिवस नाही, तीन दिवस, रोज, सहाच्या शोला. आणि शेवटावर शिव्या देणारे सगळे गावातले, दुचाकीवाले, ज्यांना कोणतीही गाडी पकडायची नव्हती. ज्यांना पिक्चर आवडला त्यांनी शेवट पाहिलाच नव्हता.

शेवट मला माहीत होता. पण मी सांगितला नाही.

"मंगळवारी दुपारी साडेबाराला शो लावतो," मी म्हणालो. "तीनला सुटतो. अकोटची गाडी आहे ना?"

"साडेतीनची हाय. पण तुमी लावसान कशावरून?"

मी माझा नंबर दिला. म्हटलं, नाही लागला तर फोन करून शिव्या द्या. मालकांना विचारलं नव्हतं, गावंडेला विचारलं नव्हतं. या वयात असं करू नये.

सोमवारी भाईजींना सगळं सांगितलं.

"मतलब पब्लिक बस पकडून राहिली?"

"हो."

"अन् एंड पाहिला तं? पसंद येईल?"

"ते माहीत नाही."

"इंगळेजी, दुपारच्या शोले कॉलेजवाले येतात, अन् एसीत झोपणारे येतात."

"एकदा लावून पाहू. गुरुवारी उतरवायचाच आहे तर मंगळवारने काय बिघडतं?"

या युक्तिवादाला उत्तर नसतं, म्हणून तो मी जपून वापरतो. भाईजी म्हणाले, अकोल्याला लावा. अमरावती नाही. अमरावतीचा गुरुवारी उतरणार.

मंगळवारी मी पुन्हा अकोल्याला. वंदनाताई आल्या, सुनीता आली, सोबत आणखी चार-पाच जणी. इतर गावांच्याही होत्या. कोणी कोणाला सांगितलं, देव जाणे. मी या वेळी पडद्याकडे पाहिलंच नाही. बाजूला उभा राहून चेहरे पाहत होतो. नायिका म्हणाली, लग्नाचं पुढच्या छाटणीला बघू. थिएटर चिडीचूप. मग कुठूनतरी एक टाळी, आणि दुसऱ्या कोपऱ्यातून "व माय!" अशी खरीखुरी निराशेची हाक.

बाहेर आल्या त्या भांडतच.

"बरं केलं तिनं," वंदनाताई म्हणत होत्या. "नवरा कुठी पळून चालला? कारखाना उभा राहू दे आधी."

"मंग त्यानं एवढा भात कायले करपवला?" सुनीताचे डोळे भरले होते. "अशी कोनती पोरगी असते, वहिनी? एवढं चांगलं मानूस!"

"चांगलं हाय त थांबन."

"अन् नाही थांबलं त?"

"त चांगलं नव्हतं!"

बाकीच्याही त्यात पडल्या. कँटीनच्या बाकावर बसून भांडण चाललं. गावंडेने चहा पाठवला. साडेतीनची अकोटची गाडी गेली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी घड्याळ पाहिलं आणि गप्प बसलो. बऱ्याच वर्षांनी मला कामाचा आनंद झाला.

बसमधून रेवतीला फोन केला. मंगळवारच्या शोचं तिला आधीच कळवलं होतं, ती फोनची वाटच पाहत होती.

"काका, शेवट पाहिला त्यांनी?"

"पाहिला."

"आवडला?"

सगळ्यांना आवडला म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. पण रिपोर्ट खोटा द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट या धंद्यात माझ्याकडे शिल्लक आहे.

"अर्ध्यांना आवडला. अर्ध्या नाराज आहेत."

"म्हणजे मिक्सच."

"मिक्स. पण भांडतायत बेटा. भांडताना त्यांची गाडी चुकली. हा निराळा मिक्स असतो."

"हे मी फायनान्सरला कसं सांगू?" ती म्हणाली.

गाडी चुकली हे मोबाइलवरच्या ताऱ्यांत कुठे दिसत नाही.

दुपारचा शो अकोल्याला तीन आठवडे चालला. भांडणारी बाई दुसऱ्या दिवशी आणखी दोघींना घेऊन येते, पंच म्हणून. भाईजी खूश झाले. मला म्हणाले, तुमची नजर अजून शाबूत आहे, आता घुटने करून घ्या. अमरावतीचा पिक्चर ठरल्याप्रमाणे गुरुवारी उतरला. आणि एक गाव वाचल्याने बाकीच्या सर्किटांत पिक्चर चालत नाही. फायनान्सरला आणि तिथल्या डिस्ट्रिब्यूटरांना तीन तासांच्या मीटिंगमध्ये मिक्स हा एकच शब्द ऐकू गेला. पुढे सेन्सॉरची मंजुरी घेऊन लग्नाचा शेवट जोडला गेला. टीव्हीलाही तोच विकला. रेवतीने मला कळवलं नाही. मीही फोन केला नाही. काय बोलणार होतो?

काही महिन्यांनी रविवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"भाऊ, मी वंदना, अकोटची. ब्लाउजवाली."

"बोला ताई."

"आता टीव्हीवर लागला थो पिक्चर. सगळा मोहल्ला बसवला म्या पाहाले. अन् शेवटी लगन करून टाकलं त्याइनं! बँडबाजा, हार, सगळं. आमी पायलं तवा त नव्हतं न?"

"नव्हतं."

"मंग खरं कोनतं?"

"तुम्ही पाहिलं ते."

पलीकडून सुनीताचं हसणं ऐकू येत होतं, आणखी बायकांचंही. वंदनाताईंचा आवाज खाली आला.

"कोनी मानत नाही भाऊ. सुनीतानं सोता पायलं, माह्यासोबत, तरी थे म्हंते वहिनी तुमाले झोप लागली असन. तुमी सांगा ना तिले."

त्यांनी फोन सुनीताकडे दिला. मी सांगितलं. ती म्हणाली, "मालूम हाय मले. पण असंच बरं हाय." आणि फोन ठेवला.

मला वाईट वाटलं, आणि ते दिवसभर गेलं नाही.

या धंद्यात शिकण्यासारखं एवढंच. कोणी उठून गेला तर तो कुठे गेला ते आधी पाहावं. तेव्हापासून मी शो लावताना त्या गावच्या एसटीचं टाइमटेबल विचारून घेतो. तेही बदलत असतं. पण पिक्चरच्या शेवटापेक्षा त्याचा भरवसा जास्त.