अडुसष्ट किलोची मावशी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं, कारण मावशीने फोनवर दम भरला होता, "माझ्या वजनाची दवंडी पिटलीस तर बघ!" आणि काल तिचाच मेसेज आला, "लिही. पण आकडे खरे लिही. चूक झाली तीही लिही." झालं! आता मला कोण अडवतंय?

तर माझी मावशी लिफ्ट तपासते. नवीन बसवलेली लिफ्ट माणसांसाठी उघडायच्या आधी मावशीची सही लागते, आणि जुन्या लिफ्टवर दरवर्षी. महिन्यातले वीस दिवस ती गाडीत नाहीतर हॉटेलात. सोबत गाडीवाले काका, मागच्या सीटवर हत्यारांची पेटी आणि डिकीत वीस-वीस किलोची लोखंडी वजनं.

लिफ्टमध्ये पाटी असते बघा, आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. म्हणजे एक माणूस अडुसष्ट किलोचा धरतात. मावशी कामाला लागली त्या दिवशी तिच्या वस्तादांनी तिला काट्यावर उभं केलं आणि काटा बरोब्बर अडुसष्टवर थांबला. वस्ताद हसत सुटले. "पोरी, तू तर चालतंबोलतं माप आहेस!" तेव्हापासून त्या धंद्यात तिचं नाव अडुसष्ट. साहेबसुद्धा विचारायचे, "अडुसष्ट कुठल्या गावाला गेली?"

आणि या नावाचा ती कामातही उपयोग करायची. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये तेवीस वजनं ठेवायची, म्हणजे चारशे साठ, आणि स्वतः आत उभी राहायची. पाचशे अठ्ठावीस. लिफ्ट गप्प राहायला हवी. मग चोविसावं वजन आत घ्यायचं, पाचशे अठ्ठेचाळीस, की जास्त वजनाची घंटा वाजलीच पाहिजे. तीन-चार वजनं कमी उचलावी लागायची, कंबर वाचायची. बावीस वर्षं हेच केलं आणि बावीस वर्षांत तिच्या सहीच्या एकाही लिफ्टने दगा दिला नाही.

पण वीस दिवस हॉटेलात राहून माणूस अडुसष्टच राहतो होय? सकाळी फुकटचा नाश्ता, म्हणून दोन ताटं. दुपारी काम संपेना, म्हणून बिस्किटांचा पुडा. संध्याकाळी दमून भागून जे तळलेलं समोर येईल ते. आणि वर काकांचं पालुपद, "ताई, रिकाम्या पोटी गाडी चालत नाही." पेट्रोल कोणाच्या पोटात घालायचं होतं देव जाणे! कपडे घट्ट व्हायला लागले तेव्हा मावशीने दोन नंबर मोठे घेतले आणि म्हणाली हॉटेलवाले धुऊन आटवतात.

मग तो आठवडा आला.

पहिली लिफ्ट नर्सेसच्या वसतिगृहाची, आठ मजली. तेवीस वजनं ठेवली, मावशी आत गेली आणि घंटा वाजली. मावशी चक्रावली. चोविसावं वजन तर अजून बाहेरच! वजन मोजणारा भाग जास्त नाजूक लागलाय म्हणून तिने तो सैल केला, घंटा गप्प झाली, सही करून निघाली. दोन दिवसांनी दुसऱ्या गावात एका ऑफिसच्या लिफ्टमध्ये तेच. मावशीने थेट कंपनीला फोन लावला. "कसला माल पाठवताय तुम्ही? अख्खी खेप खराब आहे!" समोरचा बिचारा माफी मागून मोकळा झाला.

तिसरी लिफ्ट कापडाच्या गोदामाची. परत तेच! मावशी पाना घेऊन तणतणत होती आणि काका दाराशी सुपारी कातरत उभे होते.

"ताई, राग नका मानू."

"बोला."

"तिन्ही लिफ्ट वेगळ्या. तिन्ही गावं वेगळी."

"मग?"

"तिन्ही ठिकाणी आत उभ्या राहिलात त्या तुम्हीच."

मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं की काकांनी सुपारी खिशात टाकली. पण कोपऱ्यात गठ्ठे मोजायचा मोठा काटा होता. मावशी तरातरा गेली, बूट काढले, वर चढली.

शहाऐंशी.

उतरली. परत चढली. शहाऐंशीच. दुसऱ्यांच्या वजनावर बावीस वर्षं सही करणारी बाई, आणि स्वतःचं वजन अठरा किलोने हुकलेली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मला ती म्हणाली की वजनाचं वाईट नंतर वाटलं. आधी वसतिगृहाची लिफ्ट आठवली. ती घंटा आता अठरा किलो उशिरा वाजणार होती. तशी लिफ्ट तुटत नाही म्हणे, पण मावशीच्या सहीखाली ते चालणार नव्हतं.

काका म्हणाले, "गप्प राहून नीट करून येऊ. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," मावशी म्हणाली. "गाडी वळवा."

दोन्ही गावांना परत गेली. सगळं लोखंडी वजनांवर नव्याने लावलं. वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंसमोर उभं राहून सांगितलं, "मशीन बरोबर होतं. चूक माझी." ज्याला झापलं होतं त्याला फोन करून माफी मागितली. आणि रिपोर्टात स्वतःच्या हाताने लिहिलं, तपासणाऱ्याचं वजन गृहीत धरल्यामुळे चूक झाली. असं कोण लिहितं हो? माझी मावशी लिहिते!

साहेबांनी वाचलं, बोलावलं. "यापुढे फक्त लोखंडी वजनं. आणि सहा महिन्यांत डॉक्टरांचा कागद हवा, शिडी चढून मशीनच्या खोलीत जाऊन काम करायला फिट आहे असा. नाहीतर ऑफिसात टेबल देतो, पंखा आहे, खुर्ची आहे."

"खुर्चीत बसले तर मी आठवड्यात गंजेन, साहेब."

"मग सहा महिने आहेत, अडुसष्ट." असं म्हणून ते जरा थांबले, आणि त्या थांबण्याचंच मावशीला जास्त लागलं.

आता वीस दिवस गावोगाव फिरणाऱ्या बाईने व्यायाम करायचा कुठे? पण लिफ्ट असते तिथे जिना असतोच ना! मावशीने ठरवलं, जी लिफ्ट तपासायची तिचा जिना आधी चढायचा. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर फतकल मारून बसली. वरून उतरणाऱ्या आजोबांनी विचारलं, "लिफ्ट बंद पडली का हो?" मावशी धापा टाकत म्हणाली, "लिफ्ट ठणठणीत आहे आजोबा, माझीच दुरुस्ती चाललीये."

खाण्याचं त्याहून अवघड. हत्यारांच्या पेटीतला एक कप्पा रिकामा करून त्यात काकड्या, गाजरं, भाजलेले चणे. पहिला आठवडा काकडीला ग्रीसचा वास यायचा. हॉटेलच्या चहाच्या किटलीत अंडी उकडली, एक फुटलं, आणि काउंटरवरच्या मुलीने तिला ती किटली घासायला लावली. मग मावशी शहाणी झाली. खोली घ्यायच्या आधीच विचारायची, "उकडलेली अंडी मिळतील? आणि खोली वरच्या मजल्यावरची द्या." नाश्ता एकच ताट, आधी फळं, आणि ताट भरलं की नाश्ता मांडलेल्या टेबलाकडे पाठ करून बसायचं.

काका चोरून बिस्किटं खायचे. एकदा गाडीचा खण उघडला तर तीन पुडे!

"काका, हे काय?"

"ते गाडीचे आहेत, ताई."

"गाडीला क्रीमची आवडतात वाटतं?"

महिनाभराने काकापण जिने चढायला लागले. म्हणे, खाली एकट्याला कंटाळा येतो.

सगळं सरळ झालं असं नाही हं. तिसऱ्या महिन्यात गुडघा सुजला, आठ दिवस जिना बंद, आणि त्या आठ दिवसांत मावशीने रागाने एवढं खाल्लं की दीड किलो परत. त्या आठवड्यात तिने मला फोन केला होता. मी विचारलं कशी आहेस, ती म्हणाली मस्त. मी म्हटलं ओके आणि ठेवला. दीड वर्ष मी तिला फक्त फोनवर बघत होते, आणि फोनवर माणूस गळ्यापर्यंतच दिसतो. मला काहीही माहीत नव्हतं. हे टाइप करतानाही मला रडू येतंय, असो.

सहा महिने भरले. डॉक्टरांनी शिडी चढायला लावली, उतरायला लावली, छाती तपासली, आणि कागदावर लिहिलं, फिट. साहेबांनी कागद वाचून फाइलला लावला आणि म्हणाले, "अडुसष्ट, वसतिगृहाची फेरतपासणी राहिलीये. जाणार ना?"

त्या फेरीला मी सुट्टी टाकून सोबत गेले. आठ मजले जिन्याने. मी एकोणीस वर्षांची, पाचव्या मजल्यावर कठडा धरून उभी, आणि वरून मावशीचा आवाज, "चल गं, म्हातारे!"

तपासणी सगळी लोखंडावर झाली. कागदावर सही झाली. मग काकांनी हळूच तेवीस वजनं आत ठेवली आणि बाजूला झाले. वॉर्डनबाई हसून बघत होत्या. मावशी आत जाऊन उभी राहिली, खिशात हात घालून.

लिफ्ट गप्प.

काकांनी चोविसावं वजन आत सरकवलं आणि घंटा वाजली. काका लहान पोरासारखे टाळ्या पिटायला लागले. मी रडले, अर्थात.

"अडुसष्ट!" मी ओरडले.

"त्र्याहत्तर," मावशी म्हणाली. "अजून पाच आहेत. खोटं लिहू नकोस." पण ती अशी उभी होती ना त्या लिफ्टमध्ये, मान ताठ, की मला वाटलं पाटीवरचा आकडा बदलून एक माणूस म्हणजे त्र्याहत्तर किलो करावा.

तुमच्याही घरातलं कोणीतरी असंच बॅग घेऊन फिरत असेल आणि फोनवर मस्त आहे म्हणत असेल. फोन पुरत नाही हो. जाऊन भेटा. याच आठवड्यात जा, आणि ते वरच्या मजल्यावर राहत असतील तर त्यांना खाली बोलवा, मग दोघं मिळून जिन्याने वर या.