आईच्या फोटोतले देवीचे वण

मित्रांनो, आज सकाळी पूजा आटोपून जुना डीएसएलआर कॅमेरा विकायला काढला. दीड वर्षापूर्वी घेतलेला नवा छोटा कॅमेरा खिशात मावतो, फोटोही उजळ येतात. तरी एकदा शेजारच्या सखूकाकूंचे दोन्हींनी फोटो काढून पाहिले.

नव्यातला पाहून काकू म्हणाल्या, "ही कोन बाई रं? माज्या तोंडावरचे देवीचे वण कुठं गेले?"

"काकू, हा कॅमेरा चेहरा आपोआप गुळगुळीत करतो."

"मंग वर गेल्यावर तुजे काका मला वळखतील का?"

मी हसलो, पण घरी येऊन थबकलो. आईच्या चेहऱ्यावरही तसेच वण होते. ती गेल्यावर देव्हाऱ्याशेजारी लावलेला फोटो नव्या कॅमेऱ्यातला आहे. वर्षभर त्या गुळगुळीत चेहऱ्याला रोज फूल वाहिलं, आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

आत्ताच तो उतरवला. त्या जागी जुन्या कॅमेऱ्यातली, थोडी अंधारलेली, वणांसकट आई लावली.