रिचीमास्तरची चाल

निर्मळ गावच्या रिचर्ड तुस्कानोला सगळे रिचीमास्तर म्हणत. लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवता वाजवता तो मुंबईच्या एका बड्या हॉटेलात जॅझ वाजवू लागला. स्वतःच्या चाली रचायचा, पण लोक जेवत असायचे, ऐकत कोणीच नसे. मग हॉटेलाने बँडच बंद केला. मास्तर केळीच्या वाडीत परतला आणि लेकीला, ॲनिशाला, शिकवायला बसला.

शिकवणं कसलं! सूर चुकला की बोटांवर छडी. बायको, हेलन, मध्ये पडली की जेवणाचं ताट अंगणात. तरी पोर शिकली. सतराव्या वर्षी ती बापाचीच चाल अशी वाजवायची, की रस्त्यावरचे स्कूटरवाले थांबत.

"मास्तर, ही तुमच्यापेक्षा गोड वाजवते हां," शेजारची कॅथरिन सहज बोलून गेली. मास्तर हसला. त्या दिवशी तो जेवला नाही.

चर्चच्या सणाला मैदानात कार्यक्रम होता. मुंबईचा एक बँडवाला खास ॲनिशाला ऐकायला येणार होता. सकाळी ती चर्चमध्ये मिस्साला गेली, तेव्हा मास्तरने तिच्या सॅक्सोफोनची पेटी उघडली. फुंकणीला लावायच्या वेताच्या पातळ पट्टीला, रीडला, त्याने ब्लेडने बारीक चीर दिली. सुट्या रीड खिशात घातल्या.

चौथ्याच ओळीला वाद्य किंचाळलं. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. पोरं शिट्ट्या मारू लागली. मास्तर मंचावर चढला, लेकीच्या हातातून सॅक्सोफोन ओढून घेतला आणि खिशातली रीड बसवली.

ॲनिशाने आपल्या रीडवर नेलपॉलिशचा ठिपका लावलेला असे.

"पप्पा, ही माझी आहे."

"असेल. बाजूला हो."

त्या दिवशी मास्तरने आयुष्यात वाजवलं नव्हतं असं वाजवलं. लोक उभे राहिले. बँडवाल्याने हात मिळवला, चालीचं कौतुक केलं आणि बँडमध्ये कोणालाच न घेता निघून गेला.

ॲनिशाने पुन्हा वाद्याला हात लावला नाही. नर्स झाली. हेलन गेली, आणि दोन वर्षांपूर्वी मास्तरचं अर्धं अंग लुळं पडलं. ओठ वाकडे झाले, पण डोक्यात चाली थांबेनात. लेक पेज भरवत असताना तो तुटक गुणगुणायचा. उजवा हात गेलेला, कागदावर सूर उतरवू शकणारी घरात ती एकटीच.

"लिही ना गं. विसरेन मी."

तिने त्याची हनुवटी पुसली.

"मला येत नाही, पप्पा. तोंड उघडा."